बरगडीची कळ आणि बिनलेबलच्या पुड्या

मिरजेत मोठ्या दवाखान्यांच्या आसपास, रिपोर्टची पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या लोकांना एक गृहस्थ गाठतात. पांढरा सदरा, टोपी, बोलणं अगदी घरच्यासारखं. "पोराला काय झालंय? बरगडीत धरतंय का? माझ्या मेव्हण्याला अस्संच व्हायचं बघा." पैसे मागत नाहीत, उलट चहा तेच पाजतात. निघताना एका वैद्याचा पत्ता देतात. माझ्या आईला आणि धाकट्या भावाला हे असेच भेटले. ते त्या वैद्याचेच दलाल होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं, तेही तिथेच फसलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाकडून. त्यांनाही मेव्हणाच सांगितला होता. फक्त त्यांच्या वेळी त्याचा गुडघा धरला होता.

भाऊ ऐन पंचविशीतला. शिंक आली की छाती दाबून धरायचा, जांभई अर्ध्यावर सोडायचा. पहाटे कुशीवर वळताना कळ यायची आणि उठल्यावर पाठ फळीसारखी ताठ. ईसीजी नॉर्मल आला, छातीचा एक्स-रे स्वच्छ, आणि संधिवाताची म्हणून करतात ती आरए फॅक्टर तपासणी निगेटिव्ह. मग गॅस झाला, उसण झाली, शेक झाला. आत्याने गल्लीतल्या एका पायाळू माणसाचा पायसुद्धा लावून घेतला. त्याने निदान पैसे तरी घेतले नाहीत.

वैद्य आठवड्यातून एकदा एका लॉजवर खोली घेऊन बसायचा. नाडी धरून म्हणाला, "बरगडीत वात कोंडलाय. सांध्यात आम साचलाय." पुड्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. सोबत दोन अटी: औषध चालू असताना इंग्रजी गोळी घ्यायची नाही, आणि रक्त तपासायचं नाही, कारण "वात सुटत असताना रिपोर्ट खोटे येतात." आई बिल मागायला गेली तर म्हणे, ही सेवा आहे, दुकान नव्हे. पैसे यूपीआयने घेतले आणि ते जमा झाले कुठल्याशा कापड दुकानाच्या नावावर.

आणि गुण आला. दोन दिवसांत आला. भाऊ पोटभर हसायला लागला, भूक खवळली, चेहरा भरला. शेजारणी आईला म्हणाल्या, पोरगं चांगलंच बाळसं धरतंय. पुढच्या खेपेला वैद्याने भाव वाढवला, दुखणं जुनं आहे, सुवर्णभस्म घालावं लागेल म्हणून. एकदा पुड्या संपल्या आणि आणायला दिवस लागले, तर कळ दुपटीने उलटली, वर उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. वैद्याचं उत्तर तयार होतं: पथ्य मोडलं असणार. घरच्यांचा विश्वास उलट वाढलाच, पुडी थांबली की पोरगं आडवं होतंय म्हणजे पुडीतच जीव आहे!

मी पुण्याहून गेले तेव्हा एक पुडी कागदावर पसरून पाहिली. तपकिरी चूर्ण, वास सुंठीचा. त्यात पांढरे कण होते, आणि एक तुकडा नीट कुटलाच गेला नव्हता. अर्धगोल, गुळगुळीत कडेचा, मधोमध गोळी मोडायला असते तशी रेघ. ती रेघ काही भस्मावर नसते.

भावाला पुण्याला आणून संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी चेहरा पाहिला, मग शर्ट वर करायला सांगितला. पोटाच्या कडेला जांभळट पट्टे उठले होते. "देशी औषध चालू आहे का?" एवढंच विचारलं. कॉर्टिसोल म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड; सकाळी आठच्या सुमाराची त्याची तपासणी अगदी कमी आली, साखर वाढलेली. पुड्यांत स्टिरॉइड असणार, हे त्यांनी ओळखलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतं, मग पुडी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. त्या उलट्या आणि चक्कर त्याच्याच होत्या. म्हणून कुणी अशा पुड्या घेत असेल तर हे वाचून रागाने फेकून देऊ नका. पुडी हातात घेऊनच डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू उतरवतात.

खरा आजार निघाला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. मणक्याचा दाहक संधिवात, बहुधा ऐन तारुण्यात सुरू होणारा. आपल्याला वाटतं बरगडी म्हणजे नुसतं हाड, पण ती मागे मणक्याशी सांध्यांनी जोडलेली असते आणि वरच्या बऱ्याच बरगड्या पुढे कूर्चेमार्गे छातीच्या हाडाशी. हे सांधे सुजले की दीर्घ श्वास, खोकला, शिंक, सगळ्याची कळ येते. डॉक्टरांनी शिंप्यासारखी टेप छातीभोवती धरली: पूर्ण श्वास सोड, आता भर. फरक साधारण पाच सेंटीमीटर तरी पडावा लागतो, याचा जेमतेम दोन. आरए फॅक्टर या आजारात सहसा निगेटिव्हच असतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर निर्धास्त होण्यात अर्थ नव्हता. एचएलए-बी २७ ही जनुकीय खुणेची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, पण ती पॉझिटिव्ह असणाऱ्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. निदान पक्कं केलं ते मणक्याचं खालचं टोक कंबरेच्या हाडांना जुळतं त्या सांध्यांच्या एमआरआयने. आणि एक खूण घरबसल्या कळण्यासारखी: उसण विश्रांतीने उतरते, हे दुखणं विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने सैल होतं.

अर्थात प्रत्येक बरगडीचं दुखणं हे नव्हे. पुढच्या कूर्चेची साधी सूज बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप बसते. छातीत दुखलं की आधी हृदयाचं बघायचं, हा क्रम मात्र कधीच चुकवू नये.

उरलेल्यांपैकी काही पुड्या आम्ही सरकारी विश्लेषकाकडे दिल्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेतलेलं औषध शुल्क भरून कुणालाही तपासून घेता येतं, हे फार लोकांना माहीत नाही. अहवालात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफिनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी. मला खरी चीड आली ती दुसऱ्या नावाची. डायक्लोफिनॅकच्या गटातली दाह कमी करणारी औषधंच या आजाराच्या उपचाराची पहिली पायरी आहेत. मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळणारी गोळी सुवर्णभस्माच्या भावाने घेतली, आणि सोबत पोटात गेलं स्टिरॉइड, जे या आजारात असं महिनोन्‌महिने देतच नाहीत.

आता भावाला त्याच गटातली नेप्रोक्सेनची गोळी, फिजिओथेरपी, पोहणं आणि रोजचे श्वासाचे व्यायाम आहेत. सिगारेट बंद. एवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅडालिमुमॅबसारखी दाह रोखणारी इंजेक्शनं आहेत. त्याची भारतीय आवृत्ती २०१४ पासून मिळते, तरी खर्च आहेच. त्याआधी क्षयाची तपासणी करावी लागते, कारण दबून असलेला क्षय या इंजेक्शनांनी उसळू शकतो. स्टिरॉइड पोटात गेलेल्या माणसाची ती जास्तच काळजीने करतात. या आजारात डोळा लाल होऊन दुखला तर त्याच दिवशी दाखवायचं, हेही बजावलंय.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे दिली आहे. संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, पण या माणसाने जाहिरात केलीच नव्हती, दलाल ठेवला होता. पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना तारीख. आयुर्वेदिक औषधावरही हे सगळं छापावं लागतं. हातात कागद म्हणून होती ती फक्त यूपीआयची नोंद. तिचे स्क्रीनशॉट आणि सीलबंद उरलेल्या दोन पुड्या, एवढ्यावर अर्ज दाखल झाला. लॉजवाल्याने सांगितलं, तो आता इथे येत नाही. दुसऱ्या कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे सध्या तो जतच्या बाजूला बसतो. टोपीवाले गृहस्थ मात्र परवाही दवाखान्याच्या फाटकाजवळ कुणाशी तरी चहा घेत होते.