जीमॅटचे तयारी-कोर्स: पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही

एमबीएच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीमॅट परीक्षेच्या कोर्सच्या जाहिरातीत तीन आकडे हमखास असतात: व्हिडिओ किती तासांचे, प्रश्न किती हजार आणि मॉक, म्हणजे सराव परीक्षा, किती. कोर्स निवडायला तिन्हींचा उपयोग जवळपास शून्य. खरी परीक्षा ६४ प्रश्नांची आणि सव्वादोन तासांची. तिच्यासाठी कुणी हजारो प्रश्न सोडवले, पण चुकलेले कशामुळे चुकले हेच कळलं नाही, तर स्कोअर होता तिथेच राहतो. म्हणून इथे कोर्स जोखताना एक निकष सगळ्यात वर ठेवला आहे: प्रश्न चुकल्यानंतर कोर्स काय करतो?

त्याआधी मात्र वय विचारा. कोर्सचं. जीमॅटचं सध्याचं रूप नोव्हेंबर २०२३मध्ये आलं आणि जुनी परीक्षा जानेवारी २०२४अखेर बंद झाली. तरीही जुन्याच साहित्याला नवं नाव देऊन विकणारे कोर्स भेटतात. ओळखणं सोपं आहे. सेंटेन्स करेक्शनचे (वाक्यातली चूक सुधारण्याचे) धडे, भूमितीचं स्वतंत्र प्रकरण, निबंधलेखनाचा तास यांपैकी काहीही दिसलं तर तो भाग परीक्षेतून केव्हाच गेला आहे. मॉकचा स्कोअर ७०० किंवा ७२० असा शून्यावर संपत असेल तर तोही जुनाच माल, कारण नवा एकूण स्कोअर २०५ ते ८०५ असतो आणि त्याच्या शेवटी नेहमी ५ येतो. क्वांटला (गणिताच्या विभागाला) ३१ प्रश्न आणि ६२ मिनिटं हेही जुन्या परीक्षेचं गणित. आता क्वांटला २१, व्हर्बलला (वाचन आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्सला (तक्ते, आलेख आणि माहितीवरचे प्रश्न) २० प्रश्न असतात, प्रत्येक विभागाला ४५ मिनिटं. अपेक्षाही जुन्या आकड्यांवर बांधू नका. पर्सेंटाइलच्या हिशेबाने आजचा ६४५ हा जुन्या ७००च्या आसपास बसतो.

या बदलातली सगळ्यात मोठी गोष्ट बऱ्याच कोर्सना अजून पचलेली नाही. पूर्वी एकूण स्कोअर क्वांट आणि व्हर्बलवरच ठरायचा, इंटिग्रेटेड रीझनिंग या जुन्या विभागाचा आकडा वेगळा मिळायचा. आता डेटा इनसाइट्सचं वजन बाकी दोघांइतकंच आहे, म्हणजे एकूण स्कोअरचा एक तृतीयांश. कोर्सची रूपरेषा उघडून या विभागाला किती जागा दिली आहे ते बघा. क्वांटला वीस प्रकरणं आणि डेटा इनसाइट्सला शेवटी दोन, असा मामला असेल तर कोर्स मनाने जुन्या परीक्षेतच आहे. डेटा सफिशिअन्सी (दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का, हे विचारणारे प्रश्न) अजून क्वांटच्या धड्यांत ठेवली असेल तरीही तेच. ती आता डेटा इनसाइट्समध्ये येते आणि तिच्यातले काही प्रश्न गणिताचे नसून निव्वळ तर्काचे असतात.

याच विभागात सरावाचं माध्यमही महत्त्वाचं ठरतं. टेबल अ‍ॅनालिसिसमध्ये तक्ता कुठल्याही स्तंभानुसार क्रमाने लावता येतो. मल्टी-सोर्स रीझनिंगमध्ये माहिती दोन-तीन टॅबमध्ये विखुरलेली असते आणि एका प्रश्नात तीन विधानं असतील तर तिन्हींचं उत्तर बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाही. हे पीडीएफ छापून शिकता येत नाही. कोर्सच्या स्क्रीनवर तक्ता खरोखर हलतो का, टॅब आहेत का, कॅल्क्युलेटर आहे का, हे ट्रायलमध्येच पाहून घ्या. कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात मिळतो, क्वांटमध्ये नाही. तो मिळाल्यावर माणसं नको तिथे बटणं दाबत बसतात आणि अंदाजाने वीस सेकंदांत सुटणाऱ्या प्रश्नाला दीड मिनिट घालवतात. ग्राफिक्स इंटरप्रिटेशन (आलेख वाचून उत्तर देणं) शिकवताना अंदाज कधी पुरतो हे जो कोर्स सांगतो, त्याला इथे जास्त गुण.

कुठलाही कोर्स घ्यायच्या आधी एमबीए डॉट कॉम या जीमॅटच्या संकेतस्थळावरची अधिकृत मॉक द्या. तिथे दोन पूर्ण मॉक मोफत आहेत, आणखी चार विकत मिळतात. प्रश्नांचे प्रकार एकदा नजरेखालून घाला आणि पहिली मॉक वेळ लावून, मध्ये न उठता द्या. परीक्षेतही विश्रांती दहा मिनिटांची एकच असते. प्रत्येक विभागाचा स्कोअर ६० ते ९० मध्ये येईल. त्याच्या शेजारी पर्सेंटाइलही लिहा, कारण एकाच आकड्याचा पर्सेंटाइल तिन्ही विभागांत वेगवेगळा असतो आणि नुसते आकडे पाहून कच्चा विभाग चुकीचा ठरवला जातो. दुसरी मोफत मॉक अभ्यासाच्या मध्यावर वापरा. तीच मॉक पुन्हा दिली तर काही प्रश्न ओळखीचे निघतात आणि स्कोअर फुगतो, त्यामुळे विकतच्या मॉक शेवटच्या काही आठवड्यांसाठी राखून ठेवा.

कोर्ससोबत मिळणाऱ्या मॉकचं काय? वेळेचा सराव आणि बैठक यासाठी त्या ठीक, स्कोअरच्या भाकितासाठी नाहीत. जीमॅटमध्ये पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरांवरून निवडला जातो आणि प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी खऱ्या परीक्षार्थींवर आधीच तपासलेली असते. तेवढी माहिती खासगी कंपनीकडे नसते. तरी तिची मॉक किमान नियमांना धरून हवी: विभागांचा क्रम स्वतः ठरवता यावा, प्रश्नांवर खूण करता यावी, आणि विभागाच्या शेवटी वेळ उरला तर जास्तीत जास्त तीनच उत्तरं बदलता यावीत. कितीही उत्तरं बदलू देणारी मॉक चुकीची सवय लावते. प्रश्न कोरे सोडल्यावर स्कोअर कापत नसेल तर त्याहून वाईट, कारण खऱ्या परीक्षेत विभाग अर्धवट राहिल्याचा फटका जबर असतो.

आता मुख्य निकष. ट्रायलचा काळ प्रास्ताविक व्हिडिओ बघण्यात घालवू नका, ते सगळ्यांचेच छान असतात. तुमच्या कच्च्या विभागातले तीसेक मध्यम आणि अवघड प्रश्न वेळ लावून सोडवा आणि मग चुकलेल्यांची स्पष्टीकरणं वाचा. क्रिटिकल रीझनिंगमध्ये (व्हर्बलमधले युक्तिवाद तपासण्याचे प्रश्न) चुकीच्या पर्यायासमोर ‘विषयाशी संबंध नाही’ एवढंच लिहिलं असेल तर ते स्पष्टीकरण नव्हे. संबंध नाही असं वाटलं असतं तर तो पर्याय निवडलाच कशाला असता? निष्कर्षातला कुठला शब्द निसटला म्हणून तो पर्याय मोहात पाडतो, हे सांगणारं स्पष्टीकरण हवं. क्वांटमध्ये वेगळं तपासा. २१ प्रश्नांना ४५ मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटं ९ सेकंद. उत्तर बीजगणिताने बारा ओळींत मांडलेलं असेल आणि पर्यायांत आकडे घालून किंवा अंदाजाने सुटणारी वाट दाखवलेलीच नसेल, तर ती पद्धत परीक्षेत वापरताच येणार नाही. व्हर्बलला प्रश्नामागे २ मिनिटांहूनही थोडा कमीच वेळ मिळतो, डेटा इनसाइट्सला सव्वादोन.

मग रिपोर्ट उघडा. ‘क्वांट: ६२ टक्के बरोबर’ हा रिपोर्ट नाही. विषय, काठिण्यपातळी आणि लागलेला वेळ एकत्र दिसायला हवा. टक्केवारीचे सोपे प्रश्न चाळीस सेकंदांत चुकत असतील तर घाई होते आहे, अवघड प्रश्न चार मिनिटांनी चुकत असतील तर सोडून देणं जमत नाही. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे, आणि दोघांनाही ‘टक्केवारीचे व्हिडिओ पुन्हा पाहा’ असं सुचवणारा कोर्स आंधळा आहे. पुढचा सराव या माहितीवरून बदलतो का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी ‘वैयक्तिक अभ्यासक्रम’ म्हणजे परीक्षेच्या तारखेवरून भागाकार करून बनवलेलं वेळापत्रक असतं.

नावं घेऊन सांगायचं तर टार्गेट टेस्ट प्रेपचा ढाचा प्रकरण वाचा, मग सोप्या-मध्यम-अवघड चाचण्या द्या असा आहे. ज्यांचा गणिताचा पाया हलतो त्यांना तो मानवतो. ज्यांना फक्त वेग हवा त्यांना कंटाळवाणा आणि लांबलचक वाटेल. मगूश छोट्या व्हिडिओंवर आणि प्रश्नागणिक व्हिडिओ स्पष्टीकरणांवर चालतं, नोकरी करून अभ्यास करणाऱ्यांना ते तुकड्यांत घेता येतं. ई-जीमॅटची सुरुवातच इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या व्हर्बलपासून झाली आणि वाचनाची पद्धत पायरीपायरीने बांधणं हा त्यांचा भाग अजूनही पाहण्यासारखा. मॅनहॅटन प्रेप थेट वर्गांसाठी ओळखलं जातं. थेट वर्गाचा खरा फायदा शिस्त हा आहे. मात्र वर्गाचा वेग मधल्या विद्यार्थ्यावर ठरतो, त्यामुळे पहिल्या मॉकमध्ये तुमचे दोन विभाग पक्के आणि एक कच्चा निघाला असेल तर निम्म्याहून अधिक वेळ तुम्ही येणाऱ्याच गोष्टी ऐकाल. अशा वेळी रेकॉर्डेड कोर्स आणि सोबत कच्च्या विभागापुरती मोजकी खासगी सत्रं हे जास्त फळतं. खासगी शिक्षकाकडे पहिल्याच सत्राला चुकांची वही घेऊन जा. ती न बघता त्याने तयार स्लाइड उघडल्या तर दुसरं सत्र घेऊ नका.

‘स्कोअर वाढला नाही तर पैसे परत’ या ओळीखालच्या अटी वाचा. साधारणपणे सुरुवातीचा स्कोअर अधिकृत असावा लागतो, सगळे गृहपाठ आणि मॉक पूर्ण केल्याची नोंद लागते आणि दावा ठरावीक दिवसांतच करावा लागतो. अनेकदा पैसे परत मिळतही नाहीत, फक्त कोर्सची मुदत वाढवून मिळते. एखादा गृहपाठ राहिला की तोही हक्क गेला.

जीमॅट आणि जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची दुसरी परीक्षा) दोन्ही एकाच वर्गात शिकवणारे कोर्स टाळलेले बरे. जीआरईत भूमिती आहे, शब्दसंग्रहावरचे प्रश्न आहेत आणि क्वांटला कॅल्क्युलेटर आहे. काठिण्य प्रत्येक प्रश्नानंतर बदलत नाही, पहिल्या विभागावरून दुसरा ठरतो. वेळेचं नियोजनच निराळं होतं. कुठली परीक्षा द्यायची हे आधी दोन्हींच्या मोफत अधिकृत मॉक देऊन ठरवा.

राहिली मुदत. जीमॅटच्या दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत पाच वेळा ती देता येते. कोर्सचा प्रवेश पहिल्या परीक्षेच्या तारखेला संपत असेल, तर दुसऱ्या प्रयत्नाच्या ऐन तयारीत तुमची चुकांची सगळी नोंद कुलपाआड जाईल. म्हणून पहिल्या तारखेनंतर निदान सहा आठवडे प्रवेश उरेल असा पर्याय घ्या, मुदत मध्ये थांबवता येते का ते लेखी विचारा आणि चुकांची नोंद डाउनलोड करता येत नसेल तर पहिल्या दिवसापासून स्वतःच्या शीटमध्ये उतरवत जा: प्रश्नाचा प्रकार, लागलेला वेळ, चुकण्याचं कारण आणि तो पुन्हा सोडवायची तारीख.