रोबोट किटचा 'बोर्ड उडालाय' सांगून ८,८५९ रुपये उकळले, पालकांनो सावध राहा

आधी हिशोब देते, कारण लोकांना वाटतं हजार-पाचशेचा मामला असेल. मुलीसाठी ऑनलाइन घेतलेलं रोबोट गाडीचं किट ४,८५०, मग विकणाऱ्याच्याच सपोर्टची 'डायग्नोसिस फी' २९९, 'ओरिजिनल' बोर्ड १,२५०, मोटर ड्रायव्हर ७८०, कुरियर १८०, आणि शेवटी 'लॅब टेस्टिंगचं रिफंडेबल डिपॉझिट' १,५००. एकूण ८,८५९ रुपये. आणि एवढं करून बिघाड कुठे होता तर किटसोबत आलेल्या दोन बॅटरी सेलमध्ये. बोर्ड पहिल्यापासून धडधाकट होता.

मुलगी आठवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला समोर अडथळा आला की वळणारी गाडी करायची होती. मोबाइलवर रील आलं, निळी गाडी टेबलावर फिरतेय, खाली लिहिलेलं 'लाइफटाइम टेक्निकल सपोर्ट'. मी त्या सपोर्टसाठीच घेतलं. मी कॉमर्सवाली, नवरा शिफ्टला, घरात सोल्डरिंग कुणी करत नाही, मग सपोर्ट देणाऱ्याकडून चार पैसे जास्त देऊन घेतलं तर त्यात काय चुकलं? किटमध्ये तेच सगळं जे सगळीकडे असतं, अर्डुइनो उनोचा क्लोन बोर्ड (गाडीचा मेंदू), एल२९८ मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमावर मोटरला करंट देणारा), पिवळ्या बीओ, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या मोटर, पुढे अडथळा ओळखणारा दोन डोळ्यांचा अल्ट्रासोनिक सेन्सर, तो फिरवायला छोटी सर्वो मोटर, आणि होल्डरमध्ये १८६५० साइझचे दोन लिथियम सेल.

पोरीने दोन संध्याकाळी बसून जोडलं, नीट जोडलं. हातात उचलून धरली की चारही चाकं फिरायची. जमिनीवर ठेवली की एक हिसका, बोर्डावरचे लाइट विझल्यासारखे व्हायचे, परत लागायचे, परत हिसका. हे लक्षण लक्षात ठेवा. हवेत चालते आणि जमिनीवर मरते, म्हणजे आधी बॅटरीकडे बघायचं. वजन आलं की मोटर जास्त करंट ओढते, सेल भिकार असेल तर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. आता मला हे पाठ झालंय, तेव्हा कोण सांगणार होतं? ज्याने सांगायचं तो त्यांचा सपोर्टवाला २९९ घेऊन व्हिडिओ कॉलवर बसला होता.

तो म्हणाला, 'मॅडम, बॅटरी काढा, बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला लावा.' लावला. बोर्डावरचा छोटा लाइट व्यवस्थित उघडझाप करत होता आणि सर्वो सेन्सरला घेऊन डावीकडे उजवीकडे मान फिरवत होती. माझ्या डोळ्यांसमोर. मी विचारलं पण, 'अहो हा तर चालतोय ना?' त्यावर तो एक सेकंदही न थांबता म्हणाला, 'यूएसबीवर चालतो म्हणजेच पॉवर सेक्शन उडालाय मॅडम, नवीन बोर्ड लागेल.' इथेच. इथेच फोन ठेवायला हवा होता, ती फिरणारी सर्वो आठवली की आजही डोकं तापतं. पण तुम्हीच सांगा, इतक्या शांतपणे, इतक्या टेक्निकल भाषेत सांगितल्यावर कुणाला शंका येईल? पॉवर सेक्शन नावाची गोष्ट बोर्डावर असतेच, ती जळूही शकते, आणि हे लोक असंच अर्धं खरं वाक्य तयार ठेवतात. बॅटरीबद्दल अख्ख्या कॉलमध्ये त्याने एक प्रश्न विचारला नाही. जो माणूस बॅटरी न तपासता बोर्ड गेला म्हणतो तो टेक्निशियन नाही, हे लिहून ठेवा.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे कसं असतं. जुना बोर्ड कुरियरने पाठवा, एक्सचेंजमध्ये १,२५० ला ओरिजिनल देतो. आला, लावला, तोच हिसका. मग म्हणे ड्रायव्हर पण गेला असेल, ७८०. बाजारात हा ड्रायव्हर दीड-दोनशेला मिळतो हे मला नंतर कळलं. तोही लावला, तोच हिसका. मग पूर्ण गाडी लॅबमध्ये पाठवायची, त्याआधी १,५०० डिपॉझिट, रिपोर्टनंतर परत. डिपॉझिट गेलं आणि नंबर ब्लॉक. पैसे दर वेळी वेगळ्या क्यूआरवर, वेगळ्या नावाने. कंपनीच्या नावाऐवजी माणसाचं नाव आलं की पेमेंट करू नका, कितीही घाई करू देत.

नशीब गाडी पाठवली नव्हती. ती घेऊन आम्ही दोघी पुण्यात तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. तिथल्या काकांनी मल्टिमीटर लावला, नुसते सेल ८.१ व्होल्ट. गाडी काउंटरवर ठेवून चालू केली आणि काटा... काटा कसला, आकडे धडाधड खाली, ४.६. मग त्यांनी सेल काढून बेंच सप्लायचे, म्हणजे दुकानातल्या पॉवर सप्लायचे लाल-काळे चिमटे लावले, ७.५ व्होल्ट, आणि गाडी सरळ काउंटरच्या कडेपर्यंत गेली, पोरीने झेप घालून धरली. सेलवर क्षमता छापलीये ६८०० एमएएच. काका म्हणाले, 'ताई, या साइझमध्ये चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो, त्याच्या खूप वरचा आकडा दिसला की खोटाच समजायचा.' त्यांनी सेल वजनकाट्यावर ठेवला, २७ ग्रॅम. त्यांच्याकडचा चांगला ठेवला, ४६. घरी किचनचा डिजिटल काटा असेल तर आजच करून बघा. आणि असले हलके सेल रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, लिथियम आहे ते.

पण खरी चीड पुढे आहे. तो 'ओरिजिनल' म्हणून आलेला बोर्ड उलटा केला तर मागे जांभळट पुसट डाग. पहिल्या बोर्डाच्या मागे बरोबर त्याच कोपऱ्यात पोरीने जांभळ्या मार्करने स्वतःच्या नावाचं अक्षर लिहिलं होतं. म्हणजे आमचाच बोर्ड थिनरने पुसून, नवीन पाकिटात घालून, १,२५० ला आम्हालाच विकला! पोरगी काही बोलली नाही, नुसती त्या डागावर अंगठा फिरवत राहिली. कुठलाही पार्ट परत पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि खूण अशा ठिकाणी करा की त्यांना दिसणार नाही.

एवढा पुरावा घेऊन चौकीत गेले. 'पैसे तुम्हीच पाठवले ना मॅडम? मग हा सिव्हिल मॅटर झाला.' सायबरला जा. सायबरला गेले तर ओटीपी दिला का, लिंक उघडली का, स्क्रीन शेअर केली का, यातलं काहीच नाही म्हटल्यावर म्हणे मग हे आमच्याकडे येत नाही, हद्दीतल्या पोलीस स्टेशनला जा. म्हणजे मी अजून मूर्खपणा केला असता तर माझी तक्रार बसली असती? जुनाच बोर्ड नवा म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, कायद्यात कलम आहे आणि ठाण्यात अर्जाची पोच द्यायला कुणी तयार नाही. एक साहेब तर हसून म्हणाले, 'खेळण्यासाठी एवढं कशाला मनाला लावून घेता?' खेळणं? पोरीचं प्रदर्शन हुकलं, आमच्या घरातले जवळजवळ नऊ हजार गेले, आणि हेच लोक रोज किती घरी हे करत असतील याचा विचार कुणी करायचा? बँकेत गेले तर 'ट्रान्झॅक्शन ऑथराइज्ड आहे', एवढंच. विक्रेत्याकडे बिल मागितलं होतं, ते खूप मागे लागल्यावर पीडीएफमध्ये आलं, त्यावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरांचा. असतात १५. माझं रोजचं काम जीएसटी रिटर्नचं आहे, बिल पहिल्या दिवशी बॉक्समध्ये असतं तर मी तिथेच पकडलं असतं, म्हणून तर ते बॉक्समध्ये नव्हतं. 

ज्यांचं माझ्यासारखं झालंय त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात जा, ५ लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत २ वर्षांची आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच देणं ऑनलाइन विकणाऱ्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे आधी ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅपवर भांडत बसू नका, तिथे ते मेसेज डिलीट करतात. पार्सलवरचं लेबल फेकू नका, शेवटी पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढाच हातात राहतो. मी तो बोर्ड, दोन्ही सेल आणि काकांच्या काउंटरवर काढलेला व्हिडिओ जोडून तक्रार दाखल केलीये. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करून पैसे गेले असतील तर मात्र वाट बघू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

जाहिरात अजून चालू आहे. पेजचं नाव बदललंय, व्हिडिओ तोच, निळी गाडी, पांढरं टेबल, खाली 'लाइफटाइम टेक्निकल सपोर्ट'. किंमत आता ४,९९९ केलीये.