गतिरोधक हवाय? गोव्यातल्या पंचायत सेवेचा परखड आढावा

वाड्यावरच्या भरधाव गाड्यांची तक्रार घेऊन पंचायतीत गेलात की पहिला प्रश्न विचारायचा: रस्ता कोणाचा? साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) असेल तर पंचायत स्वतः गतिरोधक घालू शकत नाही, ठराव करून पुढे पाठवते. हे काउंटरवर आपणहून क्वचितच सांगतात, आणि अर्ज फायलीत पडून राहतो.

तोंडी तक्रारीला शून्य किंमत. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सोबत वळणाचा फोटो, जवळच्या वीजखांबाचा क्रमांक, शेजाऱ्यांच्या सह्या. ‘चर्चजवळ’ एवढंच लिहिलंत तर पाहणीला आलेला माणूस भलत्याच वळणावर उभा राहतो. विषय ग्रामसभेत मांडा. नियमित सभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात रविवारी असतात. ठराव इतिवृत्तात उतरला का, ते मात्र नंतर जाऊन वाचायचंच.

खरी बोंब कामाच्या दर्जाची. भारतीय रोड काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटीमीटर उंच हवा, त्याच्या थोडं आधी सूचनाफलक हवा. प्रत्यक्षात डांबराचा अरुंद, उभा उंचवटा टाकतात; स्कूटरचं बूड घासतं, पावसाळ्यात रंग उडाला की रात्री तो दिसतही नाही. म्हणून अर्जातच माप, पट्टे आणि फलक मागा.

आंधळ्या वळणावर बहिर्गोल आरसा मागणं जास्त शहाणपणाचं. झुडपं छाटून घेण्याचं काम पंचायत बऱ्यापैकी करते, तिथे गुण द्यायला हवेत. पाठपुराव्यात नापास.