कानबाईची गाणी घरी रेकॉर्ड करायची, तर कोणता ऑडिओ इंटरफेस?

श्रावणात खानदेशातली देवी कानबाई बसली की आयाबाया रात्र जागवत अहिराणी गाणी म्हणतात. मोबाइलवर ती रेकॉर्ड केली की ढोलकी गळ्यांना खाऊन टाकते. इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा छोटा डबा, घ्यायचा तो याचसाठी. त्यामुळे दुकानात किंमत विचारण्याआधी ठरवा: एका वेळी माइक किती लागणार?

इथल्या इंटरफेसांत बेहरिंगर यूएम२ सर्वांत स्वस्त. माइक एकच, १६ बिट (बिट म्हणजे आवाज किती बारकाईने नोंदवला जातो ते). एकट्याने बोलायचं किंवा गायचं असेल तर काम भागतं. पण कुणी अचानक वरची पट्टी धरली तर आवाज फाटतो, आणि त्या भीतीने लेव्हल फार खाली ठेवली तर खरखर वर येते.

फोकसराइट स्कार्लेट सोलो २४ बिट. लेव्हल खाली ठेवून निवांत रेकॉर्ड करा, नंतर वाढवा. मात्र बरेच जण इथेच फसतात: इनपुट दोन दिसतात, पण दुसरं गिटार किंवा लाइनसाठी (कीबोर्डसारखं वाद्य थेट जोडायला) आहे. ढोलकीपुढचा माइक त्यात चालत नाही. एकट्या गायकाला सोलो उत्तम. आपल्या कामाला नाही.

बेहरिंगर यूएमसी२०२एचडी हाही २४ बिट, आणि माइकसाठी दोन प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे भाग). एक गाणाऱ्यांपुढे, एक ढोलकीपुढे, दोन वेगळे ट्रॅक. मी हाच घेईन. खिसा जड असेल तर स्कार्लेट २आय२ घ्या, त्यातही दोन माइक लागतात.

जोडणी सोपी आहे. विंडोजवर आधी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, मग केबल लावा, तीही हबमध्ये नको, थेट लॅपटॉपमध्ये. मॅकला बहुधा ड्रायव्हर लागत नाही. कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज लागते तो) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबा. साध्या डायनॅमिक माइकला ते नको. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला तर डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनला येतो.

घूंऽऽ असा आवाज आला तर लगेच इंटरफेसला शिव्या देऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आमच्या घरी अर्थिंग धड नव्हतं; बॅटरीवर टाकताच घरघर बंद. आणि सराव उन्हाळ्यात करणार असाल, तर भुसावळच्या मे महिन्यातला कूलर कोणत्याच इंटरफेसला ऐकू येत नाही असं समजू नका. रेकॉर्डिंगपुरता तो बंद, घाम पुसायला पंचा जवळ.