पंचगंगेकाठी प्लॉट: लाल रेषेच्या आत की बाहेर?

कोल्हापुरात जागा बघणारा हल्ली दराच्या आधी विचारतो, "पाणी येतंय काय?" एजंट म्हणतो, "२०१९ ला आलं होतं, पण परवाना मिळतोय." दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्यामुळंच फसायला होतं.

पूररेषा दोन. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथं बाग, पार्किंग, भाजी मंडईचे ओटे, स्मशानभूमी असले वापर चालतात, नवं घर नाही. त्या पट्ट्यातला स्वस्त गुंठा कुणी घरासाठी दाखवला तर चहा पिऊन परत या. डोकं लावायचं ते निळ्या आणि लाल रेषेमधल्या नियंत्रित पट्ट्याबद्दल.

या मधल्या पट्ट्यात २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार बांधता येतं. अट अशी की बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. लाल रेषेबाहेर ही अट नाही. जागा स्वस्त मिळाली तरी जोता उचलण्यात किंवा खांबांवर घर चढवण्यात किती जाणार, हे इंजिनिअरकडून आधी काढून घ्या आणि मगच या पट्ट्यातल्या आणि लाल रेषेबाहेरच्या प्लॉटचे दर शेजारी मांडा. प्लॉटचा थोडा भाग निळ्या रेषेत जात असेल तर लगेच नाक मुरडू नका. प्लॉट निवासी झोनमध्ये असेल तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मापात किती बांधता येतं तो हक्क, उरलेल्या जागेवर वापरायची मुभा नियमावलीत आहे.

'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकायला निवांत वाटतं. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेचा पूर येण्याची शक्यता साधारण १८ टक्के, निळ्याची ५६ टक्के. हा झाला कागदावरचा हिशेब. इथं २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांची आठवण एकाच पिढीला आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

बांधकाम परवाना बघतो तुमच्या घराच्या जोत्याची उंची. गल्लीतला रस्ता, ट्रान्सफॉर्मर, ड्रेनेज तुमच्याबरोबर वर उचललं जात नाही. घर कोरडं, पण दूध आणायला बोट, अशी ही गत. महापुरात लाल रेषेबाहेरच्यांनाही सगळं सुख नव्हतं म्हणा, पाणीपुरवठ्याची उपसा केंद्रं बुडाल्यावर त्यांचेही नळ कोरडे पडले. पण ते चालत टँकरपर्यंत जाऊ शकत होते.

आणि भराव. मधल्या पट्ट्यात जो तो आपल्यापुरती माती टाकून उंच होतो. नदीला पसरायला ठेवलेली ती जागा. तिथं माती आली की पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं, आणि पुढच्या साली शेजाऱ्यानं भराव टाकला की तुमच्या. खांबांवर घर बांधून खालचा मजला मोकळा ठेवला तर पाणी निदान वाहून जातं.

नुसतं नदीपासूनचं अंतर मोजून मात्र भागत नाही. पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्याला फुगवटा आला की शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं. नदी तिथून दिसतसुद्धा नाही.

माझं मत विचाराल तर बजेट ताणून, दोन गुंठे कमी घेऊन, लाल रेषेबाहेर जा. घरात म्हातारं माणूस असेल तर नक्कीच. मधलाच पट्टा परवडत असेल तर इसार देण्याआधी झोन दाखला (जागा कुठल्या वापराची ते सांगणारा) आणि पूररेषा दाखवणारा भाग नकाशा हातात घ्या, एजंटच्या मोबाइलवरचा फोटो नको. मग त्याला न घेता एकदा त्या गल्लीत जा आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, २०२१ ला पाणी कुठल्या फळीपर्यंत होतं.