दोन काचांचे पैसे, हातात एकच काच

सोलापुरात मॅक्रो फोटोग्राफीला (किड्या-फुलांचे अगदी जवळून फोटो काढायला) नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलामुलींनी हे आवर्जून वाचावं. शहरातल्या एका दुकानात मला ‘ॲक्रोमॅट’ (रंगांची किनार येऊ नये म्हणून दोन काचा एकत्र करून बनवलेली लेन्स) म्हणून साधी एका काचेची क्लोज-अप लेन्स विकली गेली. प्रकरण तक्रारीत असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही. पण ही फसवणूक कशी होते आणि काउंटरवरच ती कशी पकडता येते, हे सगळ्यांना कळायला हवं.

पाऊस होऊन गेला की आपल्याकडे टिपण्यासारखं खूप असतं. नान्नजकडच्या माळरानावर नाकतोडे, विजापूर रोडच्या वनविहारात कोळी, हिप्परग्याच्या काठाला चतुर आणि टाचण्या, आणि रस्त्याकडेच्या कुठल्याही रुईवर प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या. खऱ्या मॅक्रो लेन्सची किंमत कॉलेजच्या पोराला झेपत नाही. म्हणून क्लोज-अप लेन्स घ्यायची. फिल्टरसारखी ती आपल्याच लेन्सच्या पुढच्या आट्यांवर बसते. एक्स्टेन्शन ट्यूबने (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीने) उजेड कमी होतो, तसा हिने होत नाही.

तिची पॉवर डायॉप्टरमध्ये सांगतात. १०० ला त्या आकड्याने भागलं की फोकल लेंग्थ सेंटिमीटरमध्ये मिळते. म्हणजे +५ ची २० सेंटिमीटर. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर किडा क्लोज-अप लेन्सपासून तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसतो. +५ ही २०० मिमीच्या टेलीवर (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर) लावली की चित्र १:१ मिळतं, म्हणजे किडा सेन्सरवर मूळ आकाराचा पडतो. तीच ५० मिमीवर लावली तर जेमतेम पाव. त्यामुळे हिची खरी मजा झूम लेन्सच्या लांब टोकाला आहे, आणि नेमकं तिथेच काचेचं खरं-खोटं उघडं पडतं.

एकाच काचेचं भिंग वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर एकत्र आणतं. निळा जवळ, तांबडा जरा लांब. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते आणि चित्राचे कोपरे विरघळल्यासारखे दिसतात. यावरचा उपाय जुना आहे. जॉन डॉलंडने १७५८ साली त्याचं पेटंट घेतलं: क्राउन काचेचं बहिर्गोल भिंग आणि फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग एकत्र वापरायचं. हेच ॲक्रोमॅट. कॅननच्या ५००डी (+२) आणि २५०डी (+४) या क्लोज-अप लेन्स अशा दोन काचांच्या आहेत. (याच नावाचे कॅनन कॅमेरेही आहेत, त्यामुळे दुकानात विचारताना ‘क्लोज-अप लेन्स’ असं स्पष्ट म्हणा.) रेनॉक्सच्या डीसीआर-२५० मध्ये तर तीन काचा आहेत. साधा एका काचेचा +१, +२, +४, +१० असा चार लेन्सचा अख्खा संच हजाराच्या आसपास येतो. फुलाच्या पाकळ्यांसाठी किंवा चादरीची वीण जवळून टिपायला तो चालतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तीच काच ॲक्रोमॅटच्या दरात विकणं ही लूट आहे.

मी ५८ मिमी आट्यांची +५ ॲक्रोमॅट मागितली. दुकानदाराने शोकेसमधली एक काढली, त्याच्याच कॅमेऱ्यावर चढवली आणि काउंटरवर रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढून दाखवला. उत्तम आला. “मालक, डबल काच आहे, जपानी माल. निवांत राहा.” मग त्याने ती पुन्हा शोकेसमध्ये ठेवली आणि आतून माझ्यासाठी बंद डबा आणला. रिंगवर तेच कोरलेलं, वजनही तेवढंच. किंमत साडेचार हजार. “पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल,” म्हणाला. मी पक्कंच बिल घेतलं आणि त्यावर ‘+५ ॲक्रोमॅट ५८ मिमी’ असं लिहून घेतलं.

घरी पहिल्याच फोटोत कोळ्याच्या पायावरच्या प्रत्येक केसाला जांभळी कड होती. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावलं, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडलं आणि मथळा टिपला. मधली अक्षरं ठीक. कोपऱ्यातल्या अक्षरांची शिरोरेषा वरून जांभळी आणि खालून हिरवी. ॲक्रोमॅटकडून हे होता कामा नये.

पॉवरही तपासली. मुख्य लेन्सचा फोकस लांबच्या टाकीवर घेतला, ऑटोफोकस बंद केला, २०० मिमीवर क्लोज-अप चढवली आणि कॅमेराच पुढे-मागे सरकवत मोजपट्टी स्पष्ट केली. माझा कॅमेरा कॅननचा एपीएस-सी (लहान आकाराच्या सेन्सरचा) आहे, सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. १:१ असतं तर फ्रेममध्ये मोजपट्टीचे साधारण २२ मिलिमीटर दिसायला हवे होते. दिसले जवळपास २८. म्हणजे मोठेपणा ०.८ आणि पॉवर +४. रिंगवर +५ कोरलेलं, आत +४ ची एकच काच! रिंग मुद्दाम जाड आणि जड बनवलेली होती, आतली काच मात्र पातळ.

परत गेलो तर उत्तर तयार होतं. “सर, नॅनो कोटिंग आहे, आता एकाच काचेत काम होतं.” हे धादांत खोटं आहे. कोटिंगने काचेवरून परतणारा उजेड कमी होतो. काचेतून जाताना रंग फुटतात, ते कोटिंगने थांबत नाहीत. मी शोकेसमधली नाणेवाली लेन्स मागितली, तर ती ‘विकली गेली’. नाण्याचा फोटो का घेतला हेही आता नीट सांगतो. नाणं फ्रेमच्या मधोमध, छिद्र बारीक आणि कॅमेऱ्याचा पडदा लहान. अशा परीक्षेत एका काचेची लेन्सही सहज पास होते. म्हणजे दाखवली ती तरी खरी होती का, याचीही मला शंका आहे. शेवटी त्याने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

म्हणून पैसे देण्याआधी, जी तुम्हाला मिळणार आहे तीच लेन्स उघडून घ्या. काळ्या कापडावर किंवा बॅगेवर धरून मोबाइलची टॉर्च तिच्यावर तिरपी पाडा आणि प्रतिबिंबं मोजा. एका काचेला दोनच पृष्ठभाग, म्हणून दोनच प्रतिबिंबं. चिकटवलेल्या दोन काचांमध्ये तिसरं दिसतं. ते जोडावरून येतं, म्हणून फार फिकट असतं. लेन्स हळूहळू कलती करत शोधावं लागतं. काचांमध्ये हवेची फट असेल तर चार दिसतात. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या रांगेखाली हे मोजू नका, गोंधळ होतो. पॉवरसाठी लांबच्या इमारतीची प्रतिमा लेन्समधून कागदावर पाडा आणि लेन्सपासून कागदापर्यंतचं अंतर मोजा: +५ ला २०, +४ ला २५ सेंटिमीटर. सूर्यावर हा प्रयोग करू नका, कागद पेटतो. डबाही वाचा. आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत असणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या डब्यावर ‘जपान’ मोठ्या अक्षरांत होतं, बाकी काहीच नव्हतं.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. बिल न देणंही त्याच यादीत येतं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने अर्धे पैसे देऊन मिटवायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. अर्धे घेतले असते तर तोच डबा उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता. आणि तो मुलगा किंवा मुलगी आपलाच हात हलतो, आपल्याला हे जमत नाही, असं समजून कॅमेरा कपाटात ठेवून देईल. साडेचार हजारांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार देतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिलाची प्रत, मोजपट्टीचा फोटो आणि त्याच कॅमेऱ्यावर एका मित्राच्या खऱ्या ॲक्रोमॅटने काढलेला वर्तमानपत्राचा फोटो, असं तिन्ही जोडलं आहे. अलीकडे अशी लेन्स कुणी घेतली असेल तर आजच टॉर्च लावून प्रतिबिंबं मोजा आणि डबा, बिल फेकू नका. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे.