अक्षरं शिकायची कुठे : ऑनलाइन कोर्स, आल्तिनोचं कला महाविद्यालय की छापखाना?

भाची यंदा बारावी झाली. ग्राफिक डिझाइन करायचं नक्की आहे आणि सुरुवात टायपोग्राफीपासून, म्हणजे अक्षरांच्या मांडणीपासून कर, असं कुणीतरी तिला सांगितलंय. बरोबरच सांगितलंय. "पण मामा, शिकू कुठे?" गोव्यात, फोंड्याला डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करण्यात माझी वीस वर्षं गेली, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

ऑनलाइन कोर्स स्वस्त, काही तर फुकट. त्यातून मिळतात ती नावं. कर्निंग (दोन अक्षरांमधली जागा), लेडिंग (ओळींमधलं अंतर), एक्स-हाइट (रोमनमधल्या छोट्या x ची उंची), ग्रिड (पानाची आखणी). मी कित्येक वर्षं नजरेने करत होतो त्याला नाव आहे हे मला उशिरा कळलं, आणि नाव कळलं की चूक दुसऱ्याला दाखवता येते. एकच फॉन्ट घेऊन फक्त आकार आणि वजन (अक्षराची जाडी) बदलत पोस्टर करायचं, असले त्यांचे सराव फार चांगले.

घोळ एवढाच की सगळं रोमन लिपीतलं. आमच्याकडे कोर्स करून आलेल्या एका हुशार पोराने जत्रेच्या नाटकाचं हँडबिल केलं. मथळ्यात अक्षरांमध्ये हवा सोडली आणि शिरोरेषेचे तुकडे पडले, माळ तुटून मणी घरंगळावेत तसे. ओळींतलं अंतर सॉफ्टवेअरने दिलेलं, अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के. रोमनला ते चालून जातं. इथे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकला. मी देवनागरीला १४० च्या आसपास सुरुवात करतो. शिवाय इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडला नाही तर 'मिरामार'मधली वेलांटी म सोडून र ला चिकटते. बाहेरच्यांच्या कोर्सात हे कोण सांगणार?

आपल्याकडे हा तिढा जुनाच म्हणा. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, पण पाद्री थॉमस स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं ते रोमन लिपीत. देवनागरी खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, होते कुठे! आजही इथे काम करणाऱ्याला दोन्ही लिप्या लागतात. सकाळी तियात्राचं, म्हणजे कोंकणी नाटकाचं, रोमन लिपीतलं पोस्टर, दुपारी देवळाची पत्रिका.

छापखान्यात शिकायला मिळतो कागद. काळ्या रंगावर बारीक पांढरी अक्षरं स्क्रीनवर झकास दिसतात, स्वस्त कागदावर शाई पसरते आणि अक्षरांच्या बारीक रेघा बुजतात. बारीक मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून काळा केला तर एका रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला सावली येते, म्हणून तो निव्वळ काळ्यातच ठेवायचा. हे एकदा स्वतःच्या हजार प्रती वाया गेल्या की आयुष्यभर विसरत नाही. पण वाईट खोडीही इथेच लागतात. जागेत बसत नाही म्हणून अक्षर ताणायचं, एका पत्रिकेत सात फॉन्ट, सगळं मधोमध. का, ते कुणी सांगत नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं. वर जुने, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेले फॉन्ट. त्यातला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की नुसती चित्रविचित्र चिन्हं.

पणजीत आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे. अप्लाइड आर्टची (उपयोजित कलेची) चार वर्षं. हाताने अक्षर काढायला लावतात आणि भिंतीवर लावलेल्या कामावर वर्गासमोर बोलणी खावी लागतात, हे दुसरीकडे मिळत नाही. चार वर्षं आणि घरची ऐपत असेल तर मी फार विचार करणार नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने मात्र ऑनलाइनच धरावं, एका अटीवर : प्रत्येक सराव देवनागरीत पुन्हा करायचा. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे, सात वजनांत, आणि त्यात दोन्ही लिप्या एकमेकींशी जुळवलेल्या आहेत. नुसता छापखाना मी कुणालाच सुचवणार नाही, आणि हे मी छापखान्यात बसून लिहितोय.

भाची आल्तिनोची प्रवेशपरीक्षा देणारच आहे. तोवर सोमवारपासून माझ्याकडे येतेय. पहिलं काम चतुर्थीच्या आरत्यांची पुस्तिका, खिशात मावेल एवढी. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, आणि समईच्या उजेडात तिच्या आजीला वाचता आली पाहिजे.